जुना क्रोनोग्राफ दुरुस्तीला द्यायचा असेल तर : सराफ बाजारातल्या एका कारागिराबद्दल

किल्लीचा जुना क्रोनोग्राफ, म्हणजे आतच स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, नाशिकमध्ये दुरुस्त होतो आणि उत्तम होतो. तो मुंबईला पाठवायची गरज नाही. हे आधी सांगते, कारण माझ्या ओळखीचे तिघे-चौघे आपली घड्याळं केवळ या भीतीपोटी कपाटात ठेवून बसले आहेत.

दुकान सराफ बाजारातून भांडी बाजाराकडे जाताना लागतं, अरुंद लाकडी जिन्याने वर. पाटीवर नुसतं ‘घड्याळ दुरुस्ती’ लिहिलंय. वरच्या मजल्यावर असल्याने गोदेचं पाणी बाजारात शिरलं तरी इथपर्यंत पोहोचत नाही, आणि ठेवायला दिलेल्या घड्याळांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. कारागीर काका एकटेच काम करतात.

माझं घड्याळ होयर कंपनीचं कॅरेरा, तीन छोट्या डायलचं, आत व्हॅल्जू ७२ मशीन. देवळालीच्या एका पारशी कुटुंबाकडून घेतलं. मी ॲथलेटिक्स स्पर्धांची टाइमकीपर, त्यामुळे या कंपनीबद्दल मला आधीपासून जिव्हाळा. १९१६ साली सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं स्टॉपवॉच यांनीच काढलं. कॅरेरा आली १९६३ मध्ये. डायल इतकी मोकळी आणि स्वच्छ की धावत्या माणसालाही वेळ वाचता यावी. सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या खुणा डायलवर गर्दी करू नयेत म्हणून काचेला आतून ताण देणाऱ्या कड्यावर छापल्या. मशीन तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. काटा जेवढं मोजू शकतो तेवढ्याच खुणा, एकही जास्त नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

तक्रार अशी होती की बटण दाबताच मोठा काटा झटका खायचा आणि शून्यावर परत येताना किंचित पुढे थांबायचा. काकांनी झाकण उघडलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि दाखवलं. बटण दाबलं की एक चाक बाजूने सरकत येतं आणि मधल्या चाकाच्या दातांत दात घालतं. किती खोल जायचं ते एका बारीक स्क्रूवर ठरतं. जास्त खोल गेलं तर घड्याळाचा जीव दमतो, कमी पडलं तर काटा उडी मारतो. थोडी उडी या रचनेत असतेच, माझ्या घड्याळात ती फार होती. शून्याची गोष्ट वेगळी. हृदयाच्या आकाराच्या छोट्या कॅमवर हातोडी आदळते आणि काटा जागेवर येतो. हातोडी ठीक होती, काटाच दांड्यावर सैल बसला होता.

त्यांनी मशीन पूर्ण सुटं केलं. नुसतं पेट्रोलमध्ये बुचकळून तेल सोडायचा प्रकार इथे नाही. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, टोकांना पातळ तेल, बटणांच्या पट्ट्यांना ग्रीस, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

पण मी हे लिहितेय ते त्यांनी काय केलं नाही त्यासाठी. मी केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश करायला सांगितलं तेव्हा म्हणाले, “ताई, ते माझ्याकडून होणार नाही. पट्टा काढा आणि बघा.” पट्टा जिथे अडकतो त्या पायांमध्ये, केसच्या कडेला मॉडेलचा आणि घड्याळाचा नंबर कोरलेला असतो. पॉलिशच्या चाकावर तो पुसट होतो, आणि कॅरेराच्या पायांच्या धारदार कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. डायलवरचे पिवळसर ठिपकेही त्यांनी राहू दिले. बाजारात डायल नवी छापून देणारे पुष्कळ आहेत, आणि संग्राहकाच्या नजरेत अशा डायलने घड्याळाची किंमत कोसळते. काच मात्र तडकलेली होती, ती बदलली. जुनं कडं जपून काढलं आणि नव्या काचेत बसवलं. कडं फेकून साधी काच बसवली असती तर पाचव्या हिश्श्याच्या खुणा कायमच्या गेल्या असत्या.

काचेसकट साडेअकरा हजार रुपये लागले. मला हा भाव रास्त वाटतो.

उणिवा आहेत. पावती हाताने लिहितात आणि तीवर घड्याळाचा नंबर टाकत नाहीत, आपण आग्रहाने लिहून घ्यावा. सांगितलेली तारीख हमखास पुढे जाते. फोन क्वचितच उचलतात. पाण्याच्या दाबाची चाचणी करायचं यंत्र नाही, त्यामुळे पावसाळ्यात असं घड्याळ घालून स्कूटरवर निघू नका, आणि हात ओला असताना बटण तर अजिबात दाबू नका.

घड्याळ परत आल्यावर मी मैदानावर पाच हजार मीटरच्या शर्यतीला इलेक्ट्रॉनिक स्टॉपवॉचच्या जोडीने ते चालवलं. पाचव्या हिश्श्यापलीकडचा फरक दिसला नाही, आणि काटा बरोबर शून्यावर आला.

जायचं तर दुपारी जा. बुधवारी टाळा, गोदाघाटावरच्या बाजारामुळे त्या भागात गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि घड्याळाचा आधीचा इतिहास माहीत असेल तर सांगा, काका तो लक्ष देऊन ऐकतात.