दोन ‘अग्निपथ’, दोन कांचा

फोंड्याकडे जत्रेतली मराठी नाटकं बघत वाढलेला प्रेक्षक आधी नट बघतो, मग कथा. म्हणून मुकुल आनंद यांचा १९९०चा ‘अग्निपथ’ हा हिंदी सिनेमा आणि करण मल्होत्रांचा २०१२चा त्याचा रिमेक मी नटांवरूनच तोलते. माझा कल जुन्याकडे. अमिताभच्या खर्जातला धाक हृतिककडे नाही. त्याच्या डोळ्यांतली जखम मात्र खरी वाटते. खलनायक कांचाचं बघा: डॅनी सुटाबुटातला, थंड, संजय दत्त टकला, अंगावर येणारा. जास्त भीती मला डॅनीचीच वाटते, कारण तो फारसा आवाज चढवत नाही. नव्यात मिथुनचा कृष्णन अय्यर गाळला, ही मोठी उणीव. पण ऋषी कपूरचा रौफ लाला जुन्यात नव्हताच! वर्षानुवर्षं प्रेमवीर रंगवलेला हा नट इथे अक्षरशः अंगावर काटा आणतो.