अब्जाच्या पुढे मोजताना: पाच भाषांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मोठ्या मोजणीसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा निवडताना सगळे आधी वेग बघतात. सी, रस्ट, जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथन आलटूनपालटून वापरल्यावर माझं मत ठाम झालंय: आधी आकडा किती बिटांत (० किंवा १ च्या जागांत) मावतो ते बघा. संथ प्रोग्रॅम उशिरा का होईना, बरोबर उत्तर देतो. ओव्हरफ्लो झालेला, म्हणजे आकडा ठरलेल्या जागेत न मावलेला प्रोग्रॅम चुकीचं उत्तर झटपट देतो.

जावाचा इंट (३२ बिटांचा पूर्णांक) २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. त्यात १ मिळवलं की थेट उणे २,१४,७४,८३,६४८, तेही बिनतक्रार. नुसत्या मोजणीत हे दोन अब्जांनंतर होतं, बेरजेत मात्र फार लवकर. १ पासूनचे आकडे इंटमध्ये मिळवत गेलात तर ६५,५३६ मिळवतानाच बेरीज उणे होते. लाँग (६४ बिटांचा) घेतला तर तेच ४,२९,४९,६७,२९६ ला होतं. म्हणून काउंटर लाँग केला एवढ्यावर थांबू नका, बेरजेसाठी ‘मॅथ.अ‍ॅडएक्झॅक्ट’ वापरा. ओव्हरफ्लो होताच ते एक्सेप्शन टाकतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं.

सीमध्ये साइन्ड (उणे-अधिक दोन्ही घेणाऱ्या) पूर्णांकाचा ओव्हरफ्लो ‘अनडिफाइंड’ आहे, म्हणजे तेव्हा काय व्हावं हे भाषेने ठरवलेलंच नाही. तो होणारच नाही असं धरून कंपायलर (कोड यंत्रभाषेत बदलणारा प्रोग्रॅम) कोड बदलतो, त्यामुळे ऑप्टिमायझेशन (कोड जलद करणं) चालू-बंद केल्यावर उत्तरच बदलू शकतं. रस्ट इथे सगळ्यांत प्रामाणिक वाटला: डीबग (चाचणीच्या) बिल्डमध्ये जागच्या जागी पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम चूक सांगून थांबतो. रिलीज बिल्डमध्ये मात्र ही तपासणी आपोआप बंद असते, ती कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड साधनाच्या) प्रोफाइलमध्ये चालू करावी लागते.

जावास्क्रिप्ट सगळ्यांत फसवी. तिचा साधा नंबर फ्लोट (दशांश संख्या) असतो, पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच खात्रीचे. लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोड) शून्याऐवजी ...९९० पासून सुरू करून बघा. ९९१, ९९२, आणि मग ९९२ च येत राहतं. मर्यादा त्याहून मोठी असेल तर लूप संपतच नाही. १ पासूनची बेरीज ही हद्द १३.४२ कोटींच्या आसपास ओलांडते. बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक) घेतला की आकडे बरोबर येतात, पण वेग बराच घसरतो आणि साध्या नंबरशी त्याची बेरीज केली की टाइपएरर (प्रकार न जुळल्याची चूक).

पायथनमध्ये पूर्णांकाला अशी हद्दच नाही. किंमत वेळेत मोजावी लागते: १ अब्ज फेऱ्यांना साधारण अर्धं ते एक मिनिट. लूप फंक्शनच्या आत ठेवा, लोकल व्हेरिएबल लवकर सापडतात. व्हाइलपेक्षा फॉर-रेंज जलद, कारण वाढवण्याचं काम आतल्या सी कोडमध्ये होतं. नव्या आवृत्त्यांत ४,३०० पेक्षा जास्त अंकांची संख्या छापताना व्हॅल्यूएरर येतो. गणित चुकलेलं नसतं, ती फक्त मजकुरात बदलण्यावरची मर्यादा आहे आणि सिस मॉड्यूलमधून वाढवता येते.

वेग मोजताना एक चूक हमखास होते. सीमधला रिकामा लूप -ओ२ ला (ऑप्टिमायझेशनचा एक स्तर) कंपायलर पुसून टाकतो आणि वेळ शून्य दिसतो. काउंटर व्होलाटाइल (दर वेळी मेमरीत वाचायला-लिहायला लावणारा) केला की खरे एक-दोन सेकंद दिसतात. प्रत्येक आकडा छापत असाल तर तुम्ही भाषेचा नव्हे, टर्मिनलचा वेग मोजताय. दर १ कोटीला एकदा छापा.

मेमरीचं म्हणाल तर मोजायला ८ बाइट पुरतात, मेमरी खातं ते साठवणं. १० कोटी आकड्यांची पायथन लिस्ट: प्रत्येकी ८ बाइटचा पॉइंटर (पत्ता) आणि २८ बाइटचा ऑब्जेक्ट, म्हणजे किमान ३.६ जीबी. जावात अ‍ॅरेलिस्टमध्ये इंटीजर भरले तर साधारण २ जीबी, साध्या इंट अ‍ॅरेत ४० कोटी बाइट. जावाचा हीप (प्रोग्रॅमला वापरता येणारी मेमरी) सहसा मशीनच्या रॅमचा चौथा भागच घेतो, म्हणून रॅम मोकळी दिसत असूनही आउटऑफमेमरी येतं. तेव्हा -एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) वाढवा. आणि आकडा येऊन गेला की नाही एवढंच हवं असेल तर बिटसेट (प्रत्येक आकड्याला एकच बिट) घ्या: १ अब्ज आकडे १२.५ कोटी बाइटांत बसतात.