आरटीएक्स ४०८० सुपर की आरएक्स ७९०० एक्सटीएक्स: गोव्यातला पावसाळा काढल्यावर

एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०८० सुपर आणि एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स ही गेमिंगची ग्राफिक्स कार्डं. फोर-के रिझोल्यूशनला दोन्ही दमत नाहीत. रे-ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) बंद असेल तर एक्सटीएक्स तोडीस तोड, काही गेममध्ये थोडं पुढेच. सायबरपंक या गेममध्ये पाथ ट्रेसिंग (रे-ट्रेसिंगचा सर्वांत जड प्रकार) लावलं की मात्र सामना ४०८० सुपरच्या बाजूने एकतर्फी. एएमडीच्या एफएसआर ३ मध्ये (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारं तंत्र) जाळ्या, तारा, गवत लुकलुकतं. एनव्हीडियाच्या डीएलएसएस या तशाच तंत्रात ते बरंच शांत दिसतं. मेमरी १६ जीबी विरुद्ध २४. टेक्स्चर मॉड (गेममधले पृष्ठभाग बदलणाऱ्या फायली) भरभरून टाकणाऱ्यांनाच हा फरक जाणवेल.

आपल्याकडे खरा प्रश्न विजेचा. ४०८० सुपर ३२० वॉट, एक्सटीएक्स ३५५. बाजारातला १००० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस बहुधा ६०० वॉटचाच असतो. त्यावर प्रोसेसर आणि मॉनिटरही असतात, शिवाय कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा बरंच जास्त खेचतं. मग गेम रंगात असताना वीज गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन स्वतःच बंद! ४०८० सुपरची पॉवर लिमिट (कार्डाने किती वीज खेचायची ती मर्यादा) ८० टक्के करा: साधारण २५६ वॉट, आणि फ्रेम नाममात्र घटतात. एक्सटीएक्सचा पॉवर लिमिटचा स्लायडर उणे १० टक्क्यांवरच अडतो, म्हणजे खाली येऊन येऊन ३२०. त्याचं व्होल्टेज ११५० वरून १०८० मिलीव्होल्टच्या आसपास आणता येतं; गेम क्रॅश झाला तर १०-१० ने वर चढा.

४०८० सुपरचा सोळा पिनांचा प्लग मात्र डोळ्यांत तेल घालून बसवावा. फट दिसता कामा नये, आणि पहिले साडेतीन सेंटिमीटर वायर सरळ हवी. अर्धवट बसला तर मोजक्याच पिनांवर भार येतो आणि प्लॅस्टिक वितळतं. एक्सटीएक्सच्या बहुतेक मॉडेलना साधे आठ पिनांचे प्लग लागतात, ही कटकट नाही.

पावसाळ्यात इथला दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) २४-२५ अंशांवर असतो. एसीने खोली २२ वर नेऊन खिडकी उघडली की थंड कॅबिनेटवर पाणी धरतं. तासभर थांबूनच पीसी चालू करा. आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा, आतली ऊब दमट हवा टिकू देत नाही.

रे-ट्रेसिंग आवडत असेल किंवा यूपीएस लहान असेल तर ४०८० सुपर. लिनक्सवर खेळणाऱ्याने डोळे झाकून एक्सटीएक्स घ्यावं.

जुनं घेताना किनाऱ्यालगतच्या घरातलं कार्ड असेल तर एचडीएमआय पोर्टच्या कडा आणि ब्रॅकेटचे स्क्रू टॉर्च लावून बघा. हिरवट थर किंवा गंज दिसला तर सौदा सोडा. एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या एक्सटीएक्सच्या सुरुवातीच्या काही नगांत व्हेपर चेंबर (चिपची उष्णता पसरवणारा कूलरचा भाग) सदोष होता, म्हणून कार्ड आडवं बसवून गेम चालवून बघा. हॉटस्पॉट (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचं तापमान) ११० अंशांना टेकला तर ते कार्ड घेऊ नका.