आडवाटेचे जपानी सिनेमे घरी पाहायचे तर: वर्गणी, डिस्क की फुकट?

रात्रीची जेवणं उरकली, दिवे मालवले, ब्रिटनहून महिनाभराने आलेली ब्लू-रे डिस्क प्लेअरमध्ये सरकवली आणि पडद्यावर एकच ओळ उमटली: ही डिस्क या विभागात चालणार नाही. पार्सल सोडवायला कस्टम्स ड्युटी भरली होती ती वेगळीच. बायको म्हणाली, "बसा आता डबा बघत." डबा खरंच सुंदर होता. त्या रात्री मी आतली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. तिच्यामुळे माझं या विषयातलं मत कसं बनलं, ते पुढे सांगतो.

कुरोसावा अकिरा, ओझू या नामवंत दिग्दर्शकांच्या पलीकडचा जपानी सिनेमा बघायचाय, तर सुरुवात कुठून करू, असं हल्ली बरेच जण विचारतात. बहुतेकांच्या डोक्यात प्रश्न पैशांचा असतो. पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याआधी एक वेगळी गोष्ट ध्यानात घ्या. कुठल्याही वाटेने गेलात तरी तुमच्या आधी कुणीतरी निवड करून ठेवलेली असते. वर्गणी घेऊन इंटरनेटवर सिनेमे दाखवणाऱ्या मंचावर ती निवड तिथला कार्यक्रम आखणारा करतो, डिस्कच्या बाबतीत छोटी कंपनी करते आणि फुकटच्या वाटेवर बहुतेक वेळा जपानमधल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था करतात. कुणाची निवड तुम्हाला पटते, यावर बाकीचं अवलंबून आहे.

निवडीचा परिणाम केवढा होतो बघा. दोन हजारच्या दशकात ब्रिटनमधल्या टार्टन कंपनीने 'एशिया एक्स्ट्रीम' या नावाखाली आशियाई सिनेमांच्या डीव्हीडी काढल्या. लांब केसांची भुतं आणि रक्तबंबाळ सूडकथा म्हणजेच जपानी सिनेमा, अशी एका पिढीची समजूत होण्यात त्या डब्यांचा मोठा वाटा होता. 2008 मध्ये कंपनी बुडाली, समजूत मात्र अजून तरंगतेच आहे.

वर्गणीची वाट

भारतात राहून या सिनेमांसाठी वर्गणी भरायची तर पहिलं नाव मुबीचं. पूर्वी तिथे रोज एक सिनेमा यायचा आणि तीस दिवसांनी जायचा. आता जुना साठाही बराच असतो, तरी हक्कांची मुदत संपली की सिनेमा गुपचूप नाहीसा होतो. यादीत टाकून ठेवलेलं नाव महिन्याभराने शोधायला जावं तर ते गायब, हा अनुभव तुम्हालाही येईल. नेटफ्लिक्सवर जपानी माल भरपूर आहे, पण तो अ‍ॅनिमे, मालिका आणि अलीकडच्या मोठ्या चित्रपटांचा. आडवाट म्हणावी असं तिथे फार थोडं.

ज्याचं नाव सगळे घेतात तो क्रायटेरियन चॅनेल अमेरिका आणि कॅनडापुरता आहे. म्हणून पुण्यात बसून त्याची यादी वाचत हळहळू नका. तुमचा भाऊ न्यू जर्सीला असेल तर त्याला मात्र सांगा. शिवाय तिकडच्या अनेक सार्वजनिक वाचनालयांच्या कार्डावर कॅनोपी हा सिनेमांचा मंच फुकट मिळतो, आणि त्यावरही जुने जपानी सिनेमे चांगले असतात. तिकडच्या मराठी माणसाला हे ठाऊक नसतं असं बऱ्याचदा दिसलंय.

वर्गणीचा खरा फायदा म्हणजे चुकायला पैसे पडत नाहीत. अनोळखी दिग्दर्शक, विचित्र नाव, चला बघू. पण तोच तिचा तोटाही आहे. उएदा शिनइचिरो यांचा 2017 चा 'कॅमेरा वो तोमेरु ना!', म्हणजे 'कॅमेरा थांबवू नका!', हा सिनेमा घ्या. जेमतेम तीस लाख येनमध्ये केलेला. सुरुवातीची 37 मिनिटं एकाच सलग शॉटची आणि सरळ सांगायचं तर बेंगरूळ. अभिनय कच्चा, मधेच कुणीतरी कारण नसताना थांबतं, कॅमेरा जमिनीवर पडतो. माझ्या ओळखीच्या तिघांनी तो विसाव्या मिनिटाला बंद केला. पुढे काय होतं ते सांगणार नाही. पण त्या प्रत्येक चुकीचा हिशेब पुढे चुकता होतो आणि माणूस खुर्चीवरून पडेपर्यंत हसतो. हातात रिमोट आणि पुढे आणखी हजार सिनेमे असले की विसावं मिनिट फार धोक्याचं. डिस्कला पैसे मोजलेला माणूस चिवटपणे बसून राहतो, निदान ड्युटीचे पैसे आठवून तरी.

दुसरा तोटा चित्राचा. ब्लू-रेवर चित्राच्या माहितीचा वेग सेकंदाला 40 मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, तर नेटफ्लिक्सच्या मते फुल एचडीसाठी 5 मेगाबिटचं कनेक्शन पुरतं. चकचकीत नव्या सिनेमात हा फरक सहज नजरेत येत नाही. पण त्सुकामोतो शिन्या यांचा 1989 चा 'तेत्सुओ' 16 मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर चित्रित झालाय. माणसाच्या मांसातून लोखंड उगवत जातं, अशी जेमतेम 67 मिनिटांची ती कथा. तिचं अर्धं अंग फिल्मवरच्या खरखरीत दाण्यांत आहे. इंटरनेटवरून येताना दाबलेल्या चित्रात ते दाणे विरघळून राखाडी लापशी होते. मी दोन्ही प्रकारे पाहिलाय. पहिल्यांदा वाटलं होतं, ठीक आहे. दुसऱ्यांदा दात शिवशिवले.

डिस्कची वाट

आता माझ्या फसलेल्या रात्रीकडे येतो. ब्लू-रेचे तीन विभाग आहेत. A मध्ये अमेरिका आणि जपान दोन्ही येतात, B मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलिया, आणि आपण C मध्ये, चीन-रशियाच्या पंगतीत. मोठ्या हॉलिवूड डिस्कना बहुधा विभागाचं कुलूप नसतं, त्या कुठल्याही विभागाच्या प्लेअरवर चालतात. पण जपानी सिनेमे काढणाऱ्या छोट्या कंपन्या एकेका देशापुरते हक्क घेतात, म्हणून त्यांच्या डिस्क बऱ्याचदा कुलूपबंद असतात. अमेरिकेतली क्रायटेरियन बहुतेक A, ब्रिटनमधल्या युरेका आणि थर्ड विंडो बहुतेक B. अ‍ॅरो दोन्हीकडे काढते, त्यामुळे तिची डिस्क घेताना दोनदा बघावं लागतं. साध्या डीव्हीडी प्लेअरचं कुलूप बऱ्याचदा रिमोटवर आकडे दाबून निघतं. ब्लू-रेला ती युक्ती क्वचितच चालते. त्यासाठी आधीच बदल केलेला, सगळे विभाग चालवणारा प्लेअर घ्यावा लागतो. 4के डिस्कना विभाग नसतो, पण त्याच डब्यातली साधी ब्लू-रे कुलूपबंद असू शकते.

मग थेट जपानहूनच का मागवू नये? कारण तिथल्या डिस्कवर इंग्रजी सबटायटल बहुतेक नसतात, आणि किंमत सर्रास चार-पाच हजार येन. तुमचं जपानी पक्कं असेल तर ही सर्वांत श्रीमंत वाट आहे. पुण्यात जपानी शिकणारे थोडेथोडके नाहीत, त्यांनी विचार करावा. जपानी बोली आणि जुन्या काळची भाषा ऐकायचा सराव याहून चांगला कुठे होणार?

एवढा खटाटोप कशासाठी, तर आवृत्ती आणि संदर्भ यांच्यासाठी. योशिदा किजू यांचा 1969 चा 'एरोस प्लस मॅसेकर' बघा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा अराजकवादी ओसुगी साकाए आणि त्याच्या आयुष्यातल्या स्त्रिया, असा विषय. त्यातली एक, कामिचिका इचिको, सिनेमा आला तेव्हा हयात होत्या आणि राजकारणात नाव कमावून होत्या. त्यांनी खासगीपणाच्या मुद्द्यावर कोर्ट गाठलं. थिएटरमध्ये लागली ती कापलेली आवृत्ती, आणि दिग्दर्शकाची मूळ आवृत्ती साडेतीन तासांच्या घरात जाणारी. अ‍ॅरोच्या संचात दोन्ही होत्या. मंचावर सिनेमा दिसला तर त्यातली कुठली आवृत्ती आहे, हे लांबीवरून तुम्हीच ताडायचं. कोबायाशी मासाकी यांच्या 1964 च्या 'क्वाइदान'चीही तीच गत. पूर्ण सिनेमा 183 मिनिटांचा, पण वर्षानुवर्षं परदेशात फिरली ती एक अख्खी गोष्ट वगळलेली प्रत.

आणि ती पुस्तिका. ओबायाशी नोबुहिको यांचा 'हाउस' मी पहिल्यांदा काहीही माहीत नसताना पाहिला होता. सात मुली एका मावशीच्या घरी जातात आणि पियानो त्यातल्या एकीला खातो. अक्षरशः खातो, बोटं आधी. मला वाटलं, हा माणूस वेडा आहे. नंतर वाचलं की ओबायाशी जाहिरातींच्या जगातून आलेले होते, हॉलिवूडच्या चार्ल्स ब्रॉन्सनला घेऊन जपानी प्रसाधनांची जाहिरात करणारे. तोहो कंपनीला 'जॉज'सारखा तिकीटबारी फोडणारा सिनेमा हवा होता, आणि यांनी कल्पना विचारल्या त्या आपल्या शाळकरी मुलीला, चिगुमीला. मुलीने सांगितलेली भीती मुलीच्याच तर्काने पडद्यावर आली. मग पियानोचा अर्थ लागला. हा सिनेमा जपानमध्ये 1977 ला आला आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांपर्यंत नीट पोचायला त्याला तीस वर्षांहून अधिक लागली. तिथे क्रायटेरियनने आणि ब्रिटनमध्ये युरेकाने डिस्क काढल्या.

म्हणून माझं मत असं की हे सिनेमे मिळवणं आता तितकंसं अवघड नाही, उमगणं अवघड आहे. ते उमगायला मदत होते ती डिस्कवरच्या मुलाखतींची आणि पुस्तिकांची. वर्गणीच्या मंचावर दोन ओळींचा परिचय आला तरी नशीब.

फुकटची वाट

हिच्याकडे लोक नाक मुरडतात, ते चुकतं. जपान फाउंडेशन ही 1972 मध्ये स्थापन झालेली सांस्कृतिक संस्था जेएफएफ थिएटर नावाचा मंच चालवते. नाव नोंदवायचं आणि बघायचं, पैसे नाहीत. सिनेमे ठरावीक मुदतीपुरते येतात, आणि देशागणिक यादी बदलते. पण निवड कोण करतंय ते विसरू नका. जपानची ओळख करून देणारे, सहसा सौम्य, घरात सगळ्यांनी मिळून पाहावेत असे सिनेमे तिथे जास्त. पियानोने मुलीला खाल्लेलं तिथे पाहायला मिळेल अशी फार आशा धरू नका.

जपानच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने मात्र खरा खजिना उघडा ठेवलाय. जपानी अ‍ॅनिमेशनला शंभर वर्षं झाली म्हणून 2017 मध्ये त्यांनी युद्धपूर्व काळातल्या अ‍ॅनिमेशनपटांचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथे 'नामाकुरा गाताना', म्हणजे बोथट तलवार, हा 1917 चा चिमुकला चित्रपट आहे. एक मूर्ख सामुराई नवी तलवार घेतो, ती कुणावर तरी चालवून बघायला निघतो आणि सपाटून मार खातो. चारेक मिनिटांचा खेळ. नष्ट झाला असं सगळे धरून चालले होते, आणि ओसाकाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याची प्रत सापडली. मुलांना दाखवा, हसतील.

यूट्यूबबद्दल थोडक्यात: जुने मूकपट मिळतात, पण प्रत कुठली आणि संगीत कुणाचं याचा पत्ता नसतो. किनुगासा तेइनोसुके यांचा 1926 चा 'कुरुत्ता इप्पेजी', वेड्यांच्या इस्पितळातली गोष्ट, हरवलेला मानला जात होता. 1971 मध्ये तो खुद्द दिग्दर्शकाच्याच कोठारात सापडला. त्यात मजकुराच्या पाट्याच नाहीत, आणि तेव्हा थिएटरात पडद्याशेजारी उभा राहून बेन्शी गोष्ट सांगायचा. आपल्या कीर्तनकारासारखा, फक्त समोर चित्र हलतंय. बेन्शीशिवाय आणि भलत्याच संगीतावर तो बघणं म्हणजे कीर्तनातून बुवांना उठवून नुसती पेटी ऐकणं.

बरेचसे व्ही-सिनेमा मात्र या तिन्ही वाटांवर भेटत नाहीत. 1989 पासून तोएइ या चित्रपट कंपनीने थिएटर टाळून थेट व्हिडिओ दुकानांसाठी सिनेमे काढायला घेतले आणि बाकीच्यांनी कित्ता गिरवला. मिइके ताकाशी आणि कुरोसावा कियोशी (हे कुरोसावा अकिरांहून वेगळे) यांनी तिथे हात साफ करून घेतला. यातलं पुष्कळसं अजून सबटायटलसह बाहेर आलेलं नाही. दुर्मीळ म्हणायचं तर ते हे.

मग काय करावं?

यातलं काहीच पाहिलं नसेल तर प्लेअर घेऊ नका. सहा महिने मुबीची वर्गणी भरा, जोडीला जेएफएफ थिएटरवर नाव नोंदवा, आणि आवडलेल्या दिग्दर्शकांची नावं वहीत लिहीत जा. जपानी क्रमानेही लिहा, आडनाव आधी, आणि मूळ जपानी शीर्षकासकट. एकाच सिनेमाला तीन इंग्रजी नावं असतात. योशिदा तर कधी किजू म्हणून सापडतात, कधी योशिशिगे म्हणून.

सहा महिन्यांत एकही सिनेमा दुसऱ्यांदा बघावासा वाटला नाही, तर वर्गणीवरच राहा, काही बिघडत नाही. दोन-तीन तसे निघाले आणि त्यांच्याबद्दल वाचत रात्री जागवल्या, तर तुम्ही डिस्कवाले आहात. मग सर्व विभागांचा प्लेअर एकदाच घ्या आणि वर्षाला चार-पाचच डिस्क मागवा, शक्यतो एकाच पार्सलमध्ये. घरात लहान मुलं असतील आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून काही बघायचं असेल, तर फुकटची वाट धरा, तिथे फसगत कमी.

डिस्क मागवण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो उघडा आणि षटकोनी चौकटीतलं अक्षर शोधा. A, B आणि C तिन्ही असतील तर बिनधास्त घ्या. फोटोच नसेल तर आधी विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.