एका दोरीचा रीफ की डोलकाठीपाशी हूक?

बोट कोकणात आणि आपण कोल्हापुरात, हे धरूनच वाचा. बंदरालगत राहणाऱ्याचं मत वेगळं असू शकेल.

जुन्या बोटीवर मेन, म्हणजे मुख्य शीड, वारा वाढल्यावर लहान करायची (यालाच रीफ घेणं म्हणतात) सोय नव्यानं बसवायची तर विचार करण्यासारख्या पद्धती दोन. पहिलीत सगळं कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेवरून: एकच दोरी ओढली की शिडाचा पुढचा-मागचा कोपरा बूमवर, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या काठीवर, येतो. दुसरीत डोलकाठीपाशी जाऊन शिडाच्या पुढच्या कडेची रिंग हुकात अडकवायची आणि मागच्या कोपऱ्याची दोरी वेगळी ओढायची. डोलकाठीत गुंडाळलं जाणारं शीड मी धरलेलंच नाही. त्यात बहुधा डोलकाठीच बदलावी लागते.

कॉकपिटवाल्या पद्धतीची भुरळ का पडते ते कळतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी खारे वारे चढले की हलत्या डेकवरून पुढे जायची हौस कुणालाच नसते. आमच्या बोटीवर आधी हीच सोय होती, आणि सगळं धुऊन-पुसून ठेवलं की चालायचीही झकास.

पण त्या दोरीची वाट बघा. बूमच्या टोकाकडून वर मागच्या रिंगेत, खाली येऊन बूमच्या पोटात, पुढून निघून पुढच्या रिंगेत, मग डोलकाठीच्या बुडाशी आणि तिथून कॉकपिटमध्ये. प्रत्येक वळण थोडा जोर खातं. त्यात आपण आंबा घाट उतरणार सवड मिळेल तेव्हा. तोवर बूमच्या आतल्या पुलींवर मीठ बसलेलं. मग विंचवर (दोरी ताणायच्या फिरकीवर) कितीही ताणा, पुढचा कोपरा मुकाट खाली येतो आणि मागचा वीतभर वर लटकत राहतो. शिडाला पोट सुटतं, बोट आणखी कलते. म्हणजे रीफ ज्यासाठी घेतला तेच होत नाही. आणि नेमकं कुठं अडकलंय ते बूम उघडल्याशिवाय दिसत नाही. मला खटकलं ते हे.

हुकात लपलेलं काही नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात नमुना दाखवून 316 स्टेनलेस स्टीलचा करून घेता येतो. खोड एकच: हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, पुन्हा ताणेपर्यंत रिंग निसटते. त्यावर उपाय म्हणजे शिडाच्या रिंगेतून जाड पट्टा ओवून दोन्ही टोकांना एकेक छोटी रिंग शिवून घ्यायची; ती हुकात बसली की सहसा हलत नाही. हॅलयार्डही डोलकाठीवरच ठेवा, नाहीतर पुढे-मागे फेऱ्या मारत बसाल.

सराव सकाळी, वारा पडलेला असताना, बोट नांगरावर ठेवून. शीट (बूम आत-बाहेर करायची दोरी) आणि व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) सैल, बूम टॉपिंग लिफ्टवर (तिचं टोक वरून पेलणाऱ्या दोरीवर), हॅलयार्ड रंगीत दोऱ्याच्या खुणेपर्यंत खाली, हूक, हॅलयार्ड ताठ, मग मागची दोरी, शेवटी शीट. मागची दोरी आधी ताणलीत तर पुढचा कोपरा हुकापर्यंत पोचतच नाही. शिडाच्या मधल्या बारीक दोऱ्या फक्त लोंबतं कापड आवरायला असतात, त्या सैलच बांधा. रीफ सोडताना आधी त्याच सोडायच्या, नाहीतर तिथंच कापड फाटतं.

एकट्यानं जाणार असाल किंवा गुडघे कुरकुरत असतील तर कॉकपिटवालीच घ्या, माझी हरकत नाही. फक्त पुढच्या आणि मागच्या कोपऱ्याच्या दोऱ्या वेगवेगळ्या आणा. कॉकपिटमध्ये दोरखंडांची गर्दी होईल, ती चालेल.