तेरा फुटी फायबरग्लास ट्रेलर : चार उन्हाळे वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या ड्राइव्हवेवर हा अंड्यासारखा पांढरा, गाडीमागे ओढून कँपिंगला न्यायचा ट्रेलर दिसला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, अगं एवढ्याशा डब्यात तुम्ही झोपता कुठे आणि ह्यापेक्षा हॉटेल स्वस्त नाही का पडत. म्हणून एकदाच नीट लिहून काढते. आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो, मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा, आणि २०२१ च्या सप्टेंबरमधे हा १९८९ चा तेरा फुटी ट्रेलर आम्ही ६,८०० डॉलरला सेकंडहँड घेतला. कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पस्तीस वर्षं जुन्या वस्तूचे दोष आजच्या मालाच्या माथी मारणं बरोबर नाही, आणि मला बोलायचंय ते ह्या सगळ्या प्रकाराबद्दल. आधीच सांगून टाकते, दोन मोठी माणसं आणि एक मूल असेल तर डोळे झाकून नाही पण डोळे उघडे ठेवून नक्की घ्या. चार मोठी माणसं असाल तर नका घेऊ, भांडणं होतील.

आता हा प्रकार काय आहे ते. आपला मोदकाचा साचा असतो ना दोन भागांचा, तसं ह्याचं कवच दोन अर्ध्यांत साच्यातून काढतात, एक खालचा अर्धा आणि एक वरचा, आणि कमरेला दोघं जोडून टाकतात. बास, एवढाच जोड. नेहमीच्या ट्रेलरला आत लाकडाची चौकट, बाहेरून पत्रा, कोपऱ्याकोपऱ्याला सांधे आणि छपरावर वेगळं आवरण, त्यामुळे कुठल्यातरी सांध्यातून पाणी शिरलं की आतलं लाकूड गुपचूप कुजत राहतं आणि तुम्हाला कळतं तेव्हा भिंत हाताला मऊ लागते. इथे भिंतीत लाकूडच नाही. ही कल्पना कॅनडातली, विनिपेगमधे रे ओलेको नावाच्या माणसाने १९६८ मधे बोलर नावाचा तेरा फुटी ट्रेलर काढला, बोलर हॅटसारखा गोल दिसतो म्हणून ते नाव, आणि त्याच्या आधी हा माणूस फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवत होता म्हणे, म्हंजे पाणी धरून ठेवणारी वस्तू कशी करायची ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यानंतर असलेच ट्रेलर बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या, आमच्या मिनेसोटातच बॅकस गावात स्कँप, टेक्ससमधे राइस गावात कसिटा, आणि ७० च्या दशकातले ट्रेलर आजही रस्त्यावर धावताना दिसतात. आम्ही एवढा जुना घ्यायची हिंमत केली ती ह्याच कारणाने.

पण म्हणून पाणी आत येत नाही असं समजू नका. आमच्या पहिल्याच ट्रिपला रात्री धो धो पाऊस लागला आणि दोन वाजता मुलगा म्हणाला आई माझ्या कानात पाणी पडलं. टॉर्च लावून बघितलं तर वरच्या कपाटाच्या कडेला एका रिव्हेटच्या, म्हंजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळीच्या डोक्यावर एक थेंब लोंबत होता, फुगत फुगत जायचा आणि पडायचा, मग लगेच दुसरा. आतली कपाटं कवचाला रिव्हेटने आरपार ठोकलेली असतात आणि बाहेरून त्यावर छोट्या प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्या टोप्या उन्हाने वाळून तडकतात आणि पाणी रिव्हेटच्या कडेने आत उतरतं. त्या रात्री आम्ही थेंबाखाली स्टीलची वाटी ठेवली आणि झोपलो. घरी आल्यावर नवऱ्याने आणि मी दोन वीकेंड लावून ऐंशीच्या वर रिव्हेट बदलले, तो बाहेरून, मी आतून, प्रत्येकाखाली सीलंटचा ठिपका, आणि छपरावरच्या हवेसाठीच्या चौकोनी झरोक्याचं, व्हेंटचं, जुनं सगळं खरवडून काढून ब्यूटिल टेपवर, म्हंजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी पट्टीवर तो परत बसवला. तेव्हापासून एक थेंब नाही. आणि मला हेच ह्या ट्रेलरचं सगळ्यात मोठं सुख वाटतं, बिघडलेलं डोळ्यांना दिसतं आणि घरच्या माणसांना दुरुस्त करता येतं. माझ्या एका मैत्रिणीचा मोठा ट्रेलर छपरातून गळला तर दुकानाने सहा आठवडे ठेवून घेतला होता.

एक गोष्ट मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही आणि विकणारा तर नाहीच नाही. कवच फायबरचं असलं तरी जमीन बहुतेक ट्रेलरांत लाकडाचीच असते, प्लायवूड किंवा तसलंच काहीतरी, आणि वरून आलेलं पाणी जाऊन बसतं ते तिथेच. बघायला जाल तेव्हा बाकांची झाकणं उघडा, चारी कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, दाराजवळ पाय आपटून बघा. आमच्या ट्रेलरला दारामागचा हातभर तुकडा मऊ होता, आम्हाला दिसला नाही कारण आधीच्या मालकाने त्यावर नवी कोरी व्हिनाइल फ्लोअरिंग अंथरली होती. जुन्या ट्रेलरात एकाच जागी नवं कोरं काही दिसलं की त्याच्याखाली आधी बघायचं, हे आता मी सगळ्यांना सांगते.

दुसरं म्हंजे एक्सल, चाकं जोडलेला आडवा दांडा. ह्या छोट्या ट्रेलरांना सहसा कमानी स्प्रिंग नसतात, एक्सलच्या नळीत रबराचे दांडे कोंबलेले असतात आणि तेच धक्के खातात. रबर वीस-पंचवीस वर्षांनी दगडासारखं होतं. ओळखायचं कसं, तर ट्रेलर उभा असताना बाजूने वाकून चाकाचा हात, म्हंजे एक्सलपासून चाकापर्यंत जाणारा छोटा दांडा बघायचा, तो खाली झुकलेला पाहिजे, आमचा चक्क वर गेलेला होता, म्हंजे धक्का खायला जागाच उरलेली नाही, आणि म्हणूनच प्रत्येक ट्रिपनंतर कपाटातल्या बरण्या उताण्या पडलेल्या असायच्या. नवा एक्सल इलेक्ट्रिक ब्रेकसकट मजुरी धरून दीड हजाराच्या आत बसला, आणि तो खर्च मी परत आनंदाने करीन. टायरचंही तेच, नक्षी बघून टायर नवा आहे असं म्हणू नका, बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमचे "नवीनच आहेत" म्हणून दिलेले टायर निघाले २००९ चे, आणि त्यातला एक सेंट क्लाउडच्या अलीकडे आय-९४ हायवेवर फुटला. कोणाला काही झालं नाही, पण मुलगा मागे बसून रडत होता तो आवाज अजून आठवतो. ट्रेलरचा टायर पाच-सहा वर्षांत बदलायचा, झिजलेला असो वा नसो.

ओढायला आमच्याकडे जुनी सिएना आहे, टोयोटाची मिनीव्हॅन, ट्रक नाही, आणि हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सिएनाची ओढायची मर्यादा ३,५०० पाउंड. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हंजे ट्रक तोलायच्या काट्यावर सामानासकट तोलला तेव्हा आमचा ट्रेलर १,८६० पाउंड भरला, म्हंजे बऱ्यापैकी अंतर आहे. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, ते वजन कुठे ठेवलंय त्यावर सगळं आहे. पहिल्या वर्षी मी हौसेने मागच्या बाकाखाली कणकेचा डबा, तांदूळ, डाळी, कुकर, पाण्याचे दोन कॅन असं सगळं नीट लावून ठेवलं, आणि हायवेवर साठच्या स्पीडला एक मोठा ट्रक शेजारून गेला तसा ट्रेलर मागे डावी-उजवीकडे शेपटीसारखा हलायला लागला, गाडीच ओढली जात होती. अशा वेळी गाडीचा ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि गाडीत बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. नवरा तेव्हा शांत राहिला म्हणून बरं. घरी येऊन हिचवरचं, म्हंजे गाडी आणि ट्रेलर जोडतात त्या जागेवर पडणारं वजन मोजलं तर शंभर पाउंडसुद्धा नव्हतं, असायला पाहिजे एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. आता जड सगळं एक्सलच्या पुढे किंवा सरळ गाडीत जातं, मागच्या बाकाखाली फक्त पांघरुणं. तेव्हापासून कधीच हलला नाही. मायलेज गॅलनला चोवीस मैलांवरून पंधरा-सोळावर येतं, ताशी साठ मैलांच्या वर मी चालवू देत नाही.

आत राहण्याबद्दल. मागचं टेबल खाली पाडलं की साडेचार फूट बाय सव्वासहा फूट पलंग होतो, त्यात आम्ही दोघं, आणि समोरच्या सोफ्याची पाठ वर उचलली की बंक, म्हंजे वरचा छोटा पलंग होतो त्यात मुलगा. रोज रात्री पलंग करायचा आणि सकाळी मोडायचा ह्याचा कंटाळा येतो, खरं सांगते, पावसाच्या दिवशी तर फारच. स्वयंपाकाला दोन बर्नर आहेत पण फोडणी मी आत देत नाही, एकदा दिली होती, आठवडाभर उशांना हिंगाचा वास होता. फोल्डिंग टेबलावर बाहेर शेगडी लावायची, आत फक्त चहा आणि मॅगी. दमटपणाचं कोणी सांगितलं नव्हतं, फायबरची भिंत थंड पडते आणि तिघांच्या श्वासाने सकाळी खिडक्या रडत असतात, गादी उचलली तर खालून ओली. कितीही थंडी असली तरी छपराचा व्हेंट आणि एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, आणि गादीखाली जाळीदार चटई घालायची, एवढ्याने आमचं निभावलं.

बाथरूम नाही. हा मुद्दा मी शेवटाकडे ठेवला कारण बरेच जण इथूनच मागे फिरतात आणि ज्यांना नको त्यांनी सतरा फुटी बघावा, त्यात बाथरूम मिळतं. आमच्याकडे छोटी पोर्टा पॉटी, म्हंजे उचलून न्यायचा संडास आहे, रात्रीपुरती, सकाळी कँपग्राउंडच्या डंप स्टेशनवर, मैला टाकायच्या जागी, रिकामी करायची. २०२३ मधे आई नाशिकहून आली तेव्हा मला ह्याचंच टेन्शन होतं, तिचे गुडघे दुखतात आणि अंधारात कँपग्राउंडच्या सामाईक बाथहाउसपर्यंत चालणं शक्य नव्हतं. हायवे ३७१ ने बॅकसवरूनच आम्ही इटास्का स्टेट पार्कला गेलो, मिसिसिपी नदी उगम पावते ते, मिनेसोटातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, १८९१ चं. आईला आणि मला मागचा पलंग, मुलगा बंकवर, आणि नवरा बाहेर तंबूत. पहिल्या रात्री तिने पोर्टा पॉटीसमोर पडदा लावून घेतला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, अगं आपल्या त्र्यंबकच्या यात्रेत ह्याच्या निम्मी सोय असती तरी बायका सुखात राहिल्या असत्या.

सकाळी उगमावर गेलो. तळ्यातून पाणी दगडांवरून बाहेर पडतं आणि तीच मिसिसिपी, दहा-बारा पावलांत पार होते, शेजारी ओंडक्यावर कोरलंय की इथून समुद्र २,५५२ मैल. आई साडी गुडघ्यापर्यंत खोचून नवऱ्याचा हात धरून पाण्यात उतरली, ओंजळीत पाणी घेतलं, सूर्याकडे बघून सोडलं, आणि म्हणाली गोदावरी पण अशीच एवढीशी निघते गं. मग ट्रेलरपाशी येऊन तिने बाहेरच्या शेगडीवर सगळ्यांना कांदेपोहे केले, शेजारच्या साइटवरचे आजी-आजोबा वास घेत आले आणि दोन प्लेट खाऊन गेले. असल्या ट्रेलरने गेलात तर एक गोष्ट धरूनच चाला, प्रत्येक कँपग्राउंडवर कोणीतरी येऊन आत डोकावू का विचारतं, आम्हाला ते आवडतं.

बॅडलँड्स नॅशनल पार्कलाही नेला, दोन वर्षांपूर्वी, साउथ डकोटात आय-९० हायवेवर बाजूचा वारा फार, उंच ट्रेलरवाले थांबून होते आणि आम्ही पन्नासने हळूहळू पुढे गेलो, गोल आणि बुटका असल्याचा तिथे खरा फायदा कळतो. तिथल्या सेज क्रीकच्या कँपग्राउंडला पाणी नाही, वीज नाही, पैसेही नाहीत, आणि पहाटे खिडकीबाहेर हातभर अंतरावर एक बायसन गवत चरत उभा होता, त्याच्या दातांचा आवाज आत ऐकू येत होता.

खर्चाचं धरून चाला की जुना घेतलात तर पहिल्या वर्षी खरेदीच्या निदान एक तृतीयांश पैसे दुरुस्तीला लागतील. पण परवा आमच्यासारखाच एक विकायला होता तो आमच्या किमतीपेक्षा बराच वर गेला, म्हंजे पैसे पाण्यात जात नाहीत. आमच्यासारख्या थंडीत ऑक्टोबर संपायच्या आत नळीतलं सगळं पाणी काढून ट्रेलरांसाठी मिळणारं गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ, म्हंजे न गोठणारं द्रव पंपाने फिरवायचं, गाडीतलं विषारी हिरवं नाही, आणि वर ताडपत्री बांधायची नाही कारण वाऱ्याने ती घासून कवचाची चकाकी जाते. बर्फ पडला की मऊ झाडूने ढकलून टाकायचा. ते काम मुलाचं आहे, तो स्टुलावर उभा राहून करतो.