कोयनेचे दैनिक पाणीपत्रक : हिशेब चोख, संदर्भ तोकडा

पावसाळ्यात कोयना धरणाची रोजची आकडेवारी पाटणपासून सांगलीपर्यंत मोबाइलवर फिरते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतही छापून येते. कोयनानगर, नवजा व महाबळेश्वर येथील पाऊस, जलाशयाची पातळी, पाणीसाठा, आवक आणि विसर्ग एवढा मजकूर त्यात असतो. सार्वजनिक सेवा म्हणून हे पत्रक उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र ते वाचायचे कसे, हे वाचकाला कोणी सांगत नाही.

यातील सर्वांत भरवशाचा आकडा पाणीसाठ्याचा. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) असल्याने टक्केवारी कोणालाही काढता येते. पावसाच्या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी मात्र थोडे गणित करावे लागते. धरणाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर आहे; या संपूर्ण क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील थेंबन्‌थेंब जलाशयात आला, तर साठा ३.१५ टीएमसीने वाढेल. प्रत्यक्षात जूनमधील पहिला पाऊस तापलेली जमीन पिऊन टाकते आणि जुलैअखेर तेवढ्याच पावसाचे बहुतेक पाणी वाहून येते, त्यामुळे पत्रकातील समान पावसाचे दोन दिवस नदीच्या दृष्टीने समान नसतात. शिवाय तीन ठिकाणांची नोंद म्हणजे संपूर्ण खोऱ्याचा पाऊस नव्हे. २०२१ च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा आकडा सगळ्या खोऱ्याला लावून पुराचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, कारण सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे काही किलोमीटर गेले तरी पाऊस झपाट्याने घटतो.

आवकेच्या आकड्याकडे अधिक सावधपणे पाहावे, असे माझे मत आहे. जलाशयाला चोहोबाजूंनी ओढे मिळत असल्याने आवक थेट मोजता येत नाही. साठ्यातील फरकात सोडलेले पाणी मिळवून ती हिशेबाने काढावी लागते. भरलेल्या शिवसागराचा, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा, पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पृष्ठभागावर एक इंच पातळी म्हणजे साधारण ०.१ टीएमसी पाणी. तासाभराची आवक काढताना वाऱ्याच्या लाटांमुळे वाचनात इंचभराची चूक झाली, तर उत्तरात २८ हजार क्युसेकहून (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) अधिक फरक पडेल. आवक तासाभरात दुप्पट झाली म्हणून घाबरणाऱ्यांनी (आणि तशा बातम्या देणाऱ्यांनीही) २४ तासांची सरासरी पाहावी. एक लाख क्युसेकची आवक दिवसभर टिकली, तर ८.६४ टीएमसी पाणी येते. हे प्रमाण लक्षात ठेवले की बाकीचे आकडे आपोआप जागेवर बसतात.

विसर्गाचा रकाना कराड-सांगलीकरांसाठी अपुरा आहे. केरा, मोरणा आणि वांग या नद्या धरणाच्या खाली कोयनेला मिळतात, तर वारणा सांगलीजवळ कृष्णेला मिळते. धरणाची सहाही वक्रद्वारे (पाणी सोडण्याचे दरवाजे) बंद असताना नदी फुगू शकते, ती या पाण्यामुळे. धरणाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. पण सगळा पूर त्याच्याच माथी मारणेही चुकीचे आहे.

सर्वांत मोठी उणीव लहरी पावसाबाबतची आहे. एक जूनपासूनची बेरीज दिली जाते, पण ती बेरीज कशी झाली, हे तिच्यातून कळत नाही. २०१९ मध्ये जूनने ओढ दिली आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णाकाठ पाण्याखाली गेला. २०२३ मध्ये धरण पूर्ण भरलेच नाही, तेव्हा पश्चिमेकडे पाणी वळवून होणारी वीजनिर्मिती आणि पूर्वेकडचे सिंचन यांच्यात पाण्याची ओढाताण झाली. गतवर्षीच्या त्याच तारखेशी केलेली तुलना अशा वेळी फसवी ठरते, कारण गतवर्षच अपवादात्मक असू शकते. त्याऐवजी गेल्या तीस वर्षांतील त्या तारखेचा सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त साठा, तसेच मागील तीन दिवसांच्या पावसाची बेरीज, अशा दोन ओळी पत्रकात वाढवाव्यात.

पाणीसाठ्याच्या माहितीसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, पुराच्या इशाऱ्यासाठी दोनच. सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांनी हे पत्रक जरूर वाचावे, पण घर सोडण्याचा निर्णय आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी आणि प्रशासनाची सूचना पाहूनच घ्यावा.